टेकडीवरचा पहिला रविवार: पक्षी-फुलपाखरं बघायला किती जणांनी जावं?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसले. थोडं लांबणार आहे.

आमच्या सोसायटीतले आणि आसपासचे काही जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्यात वेताळ टेकडीवर पक्षी बघायला जातो. सहा वर्षं झाली. सुरुवात केली तेव्हा पाच जण होतो आणि दुर्बिणी दोन. वाट ठरलेली. पंचवटीच्या बाजूने चढायचं, खाणीपाशी थांबायचं, वेताळाच्या देवळापर्यंत जायचं आणि परत. "दर महिन्याला तेच काय बघता?" असं आम्हाला नेहमी विचारतात. पण तेच बघायला गेल्यामुळेच तर काय बदललं ते कळतं. मे संपता संपता नवरंग एखाद-दोन दिवस गळलेल्या पानांत उड्या मारताना दिसतो आणि निघून जातो. जूनमध्ये पावशा 'पेरते व्हा' म्हणत असतो, त्याच सुमाराला चातक येतो. श्रावणात गवत गुडघ्याला लागतं आणि फुलपाखरांचे दिवस सुरू होतात. ऑक्टोबरात खाणीच्या कडेवर कृष्ण थिरथिरा शेपूट थरथरवत बसला की समजायचं, पाहुणे आले. फेब्रुवारीत पळस आणि पांगारा फुलले की भोरड्यांची झुंबड. हे मला पुस्तकातून कळलं नाही, त्या एका वाटेने शिकवलं.

या एप्रिलमध्ये जे घडलं ते अजून मनातून जात नाही. त्या रविवारी आम्ही त्रेचाळीस जण होतो. कुणीतरी दोन-तीन मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत निरोप फिरवला होता, माणसं येत गेली आणि मी कुणालाच नाही म्हटलं नाही. खाणीच्या अलीकडे वाटेला लागून एका हेंकळीच्या झुडपात नाचणाचं घरटं होतं. चहाच्या लहान पेल्याएवढं, गवताचे बारीक धागे कोळ्याच्या जाळ्याने लिंपून केलेलं, बाहेरून इतकं गुळगुळीत की फांदीचाच भाग वाटावं. आत दोन पिल्लं, चोची वर करून. दाखवलं मीच. पुढच्या सात-आठ जणांनी लांबून पाहिलं, हळूच पुढे सरकले. मागच्या माणसांना दिसेना. कुणीतरी फोटोच्या आड येणारी फांदी वाकवली, ती मोडली. परतताना ती लोंबताना दिसली तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं.

बुधवारी मुद्दाम पुन्हा गेले. घरटं उन्हात उघडं पडलेलं, एका बाजूने फाटलेलं आणि रिकामं. डोमकावळा शेजारच्या गिरिपुष्पावर बसला होता. नाचणाची जोडी पंख्यासारखी शेपटी उघडत-मिटत त्या झुडपाभोवती फिरत होती. फांदी ज्याने मोडली त्याला काही कळलं नसणार, त्याच्यावर माझा राग नाही. ज्या घरट्यापाशी मी एकटी असताना दोन मिनिटंही थांबले नसते, तिथे त्रेचाळीस माणसं मी नेली.

दोन महिने भटकंती बंद ठेवली. जूनपासून बारा जणांची मर्यादा घालून पुन्हा सुरू केली. घरटं दिसलं तरी दाखवायचं नाही, थांबायचंही नाही. यावरून काही जण दुखावले. आता पक्षी सप्ताह येतोय, ५ ते १२ नोव्हेंबर. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा. चितमपल्ली गेल्यानंतरचा हा सप्ताह, म्हणून सोसायटीला मोठा कार्यक्रम करायचाय. फ्लेक्स, टोप्या आणि शंभर माणसं टेकडीवर. मला ते नकोय. माझं मत असं झालंय की थोडी माणसं, एकच वाट आणि वर्षभर. तुमच्याकडे तुम्ही कसं करता? मर्यादा घालता का?

खाडीकाठ

ताई, वाचून वाईट वाटलं. बारा बरोबर आहे. माझ्या अनुभवाने तर आठसुद्धा चालतील.

मी ठाण्याचा. आम्ही येऊरला आणि घोडबंदर रोडच्या ओवळेकरवाडीत जातो. ओवळेकरवाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. खाजगी शेतजमीन आहे. अळ्यांच्या खाद्यवनस्पती आणि मधाची झाडं लावत लावत तिथे फुलपाखरं बोलावून घेतली आहेत. जाळी नाही, काच नाही, येणारं फुलपाखरू आपणहून येतं.

एक सुचवू का? पक्षी आणि फुलपाखरं एकाच भटकंतीत बघायची असतील तर वेळ विभागा. पक्षी साडेसहा ते साडेआठ. मग कुठेतरी सावलीत बसून डबे उघडायचे. नऊनंतर फुलपाखरं. त्यांचं अंग उन्हाने तापल्याशिवाय ती उडत नाहीत, त्यामुळे सकाळी सातला "फुलपाखरं कुठायत?" म्हणून शोधत फिरण्यात अर्थ नसतो. सातला सापडलीच तर पानाखाली पंख मिटून बसलेली सापडतात. उलट साडेनऊला ओल्या मातीपाशी नुसतं उभं राहा. पावसाळ्यानंतर येऊरच्या ओढ्याकाठी टेल्ड जे, ब्लूबॉटल आणि कॉमन इमिग्रंट अशी दाटीवाटीने बसलेली असतात की पाय कुठे ठेवावा कळत नाही. चिखलातले क्षार शोषत असतात, आणि बहुतेक सगळे नर असतात. एक माणूस धावत गेला की सगळी उठतात. पाच जण मांडी घालून बसले तर दहा मिनिटांत परत येऊन पायाशी बसतात.

लेन्सवाला

लेख मनापासून लिहिलाय. पण फोटो काढणाऱ्यांवर सगळं येऊन पडतं, ते पटत नाही. आमच्यातले बरेच जण तासन्‌तास एका जागी बसतात, फांदीला हात लावत नाहीत. आणि फोटोंमुळेच तर लोकांना या गोष्टींची गोडी लागते.

मर्यादेबद्दल दुमत नाही. पण तुमच्या नियमांत फोनवर आवाज वाजवायलाही बंदी आहे, असं तुमच्या गटातल्या एका मित्राकडून कळलं. एकदाच, हळू आवाजात वाजवला तर काय बिघडतं? नवख्या माणसाला पक्षी दिसतो तरी.

टेकडीवाली

@लेन्सवाला, फोटोवाल्यांना दोष द्यायचा नव्हता. ती फांदी फोनने फोटो काढणाऱ्याच्या हातून मोडली आणि त्याला तिथे नेणारी मी होते.

आवाजाबद्दल मात्र मी ठाम आहे. विणीच्या दिवसांत नराने स्वतःच्याच जातीचा आवाज ऐकला की त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडतो, पिल्लांना भरवणं सोडतो आणि शोधत फिरतो. आपल्याला वाटतं, वा, समोर येऊन बसला. तो भांडायला आलेला असतो. तुम्ही एकदाच वाजवता, पण त्याच रविवारी त्याच झाडाखालून आणखी चार गट जातात, आणि त्यांचंही 'एकदाच' असतं. नवरंगासारखा पक्षी, जो लांबच्या प्रवासात दोन दिवस टेकण्यापुरता उतरतो, त्याच्या दोन दिवसांतला एक तास आपण का घ्यायचा?

लेन्सवाला

चार गटांचं गणित मी केलं नव्हतं. विचार करतो.

गोदेची लेक

माझं थोडं वेगळं मत. संख्या जागेवर अवलंबून असते.

आम्ही नाशिककर नांदूर मध्यमेश्वरला जातो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, त्यामागे पसरलेलं उथळ पाणी. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं ते हेच. तिथे चापडगावच्या मनोऱ्यावर पंचवीस माणसं असली तरी पक्ष्यांना फरक पडत नाही, कारण ते दोन-तीनशे मीटर लांब पाण्यात असतात. थापटे, तलवार बदकं, चक्रवाक आणि नशिबात असलं तर क्रौंच. वरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला की सगळं पाणी एकदम उचलल्यासारखं उडतं. ते बघायला शंभर माणसं आली तरी चालतील. पण तीच पंचवीस माणसं बांधावरून चालत झुडपातले पक्षी बघायला निघाली तर काहीच दिसत नाही.

आमची अडचण दुसरीच होती. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची मोठी एकनळी दुर्बीण, एक आणि रांग लांब. मोठ्या माणसाच्या उंचीला लावलेल्या स्कोपमधून बघायला लहान मुलं टाचा उंचावतात, धक्का लागतो आणि स्कोप हलतो. आता आम्ही स्कोप मुलांच्या उंचीला लावतो. मोठी माणसं वाकतात. गेल्या वर्षी गावातला गाइडदादा चौथीतल्या एका मुलीला म्हणाला, "बघ, शेकाट्याचे पाय बघ." ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "त्याचा गुडघा उलटा वाकतो." गाइडदादाने तिला समजावलं की तो गुडघा नाही, घोटा आहे, गुडघा वर पिसांत असतो. रांगेतल्या सगळ्यांनी मग पुन्हा एकेकदा पाय पाहिले.

आणि हो, गावातला गाइड घ्याच. त्याला पैसे मिळतात म्हणून तर घ्याच, पण रोजचं पाणी त्याच्याइतकं कुणी वाचलेलं नसतं.

ऐकणारा

मी टेकडीवालीताईंच्या गटातला. वय ७१. काचबिंदूमुळे माझी दोन्ही बाजूंची नजर गेली आहे, मधलं थोडं दिसतं, तेही धूसर. दुर्बीण लावून उपयोग नाही. मुलाने टाइप करून दिलंय.

चार वर्षांपूर्वी ताईंनी मला बोलावलं तेव्हा मी म्हणालो, मी येऊन काय करू? त्या म्हणाल्या, काका, तुम्ही ऐका आणि आम्हाला सांगा. तेव्हापासून ऐकतोय. शिंपी केवढासा, पण आवाज गल्ली दणाणून सोडणारा. तांबट एकाच फांदीवर बसून टुक-टुक करतो पण मान वळवत राहतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून आला असं वाटतं, कधी उजवीकडून. मला वाटायचं दोन पक्षी आहेत. दयाळ मार्च ते जून पहाटे गातो, मग मुका झाल्यासारखा असतो, नुसता खरखरीत ओरडतो. पुढच्या मार्चमध्ये पहिल्यांदा गातो तो दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. हिरवट वटवट्या सप्टेंबरअखेर येतो, 'चिस्-वी' असं दोन अक्षरांचं बोलतो. गेली दोन वर्षं तो आल्याचं गटाला मी आधी सांगितलं, डोळेवाल्यांना नंतर दिसला.

टिटवीचं तर मला वेगळंच कळलंय. माणूस जवळ आला तर ती ज्या लयीत ओरडते, ती लय कुत्रा आला की बदलते, घाईची होते. खाणीपाशी मी एकदा म्हणालो, कुत्रा आहे. सगळे म्हणाले, नाही. अर्ध्या मिनिटाने कुत्रा गवतातून बाहेर आला.

संख्येबद्दल एवढंच सांगतो. त्रेचाळीस जणांच्या त्या दिवशी मी होतो. मला एकही पक्षी ऐकू आला नाही. बुटांचे आवाज, पिशव्यांची चेन, "अगं इकडे बघ", फोनची रिंग. बारा जण झाल्यापासून टेकडी मला परत मिळाली.

कढीपत्ता

काका, अंगावर काटा आला वाचताना.

मी फुलपाखरांतली. आमच्याकडे लोक विचारतात की फुलपाखरं बघायला कुठे जाऊ? मी म्हणते, आधी झाड ओळखा. फुलांवर फुलपाखरू दोन सेकंद थांबतं, पण अंडी घालायला आपल्याच झाडावर येतं. प्लेन टायगर रुईवर. कॉमन इमिग्रंट बहाव्यावर आणि टाकळ्यावर. टॉनी कोस्टर कृष्णकमळाच्या वेलावर. कॉमन जेझबेल आंब्यावरच्या बांडगुळावर, म्हणून ती नेहमी उंच उडताना दिसते. क्रिमझन रोझ ईश्वरीच्या वेलावर. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉर्मन लिंबाच्या जातीतल्या झाडांवर. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, २०१५ साली. ही झाडं ज्या वाटेवर आहेत तीच तुमची वाट.

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका सहा वर्षांच्या मुलाने सोसायटीच्या गेटजवळच्या कण्हेरीखाली उकिडवं बसून विचारलं, "हे कानातलं कुणाचं पडलं?" पानाच्या खालच्या बाजूला कॉमन क्रोचा कोष लटकत होता. चांदीचा मुलामा दिल्यासारखा लखलखीत, बघणाऱ्याचा चेहरा त्यात वाकडातिकडा उमटावा इतका. त्या गेटमधून रोज सगळी सोसायटी ये-जा करते. कोष आठ-दहा दिवसांचा असतो. बाहेर पडायच्या आदल्या दिवशी तो काळपट होतो, आतल्या पंखांचे पांढरे ठिपके दिसू लागतात. त्या मुलाने शाळेत जाताना-येताना रोज पाहिलं. वॉचमनकाकांनी कण्हेरीची छाटणी आठवडाभर पुढे ढकलली.

अळ्या ओळखायला एक सोपी खूण: पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतील तर प्लेन टायगर, चार असतील तर कॉमन क्रो.

नवखी

मी पुण्यात नवीन, लातूरची. वेताळ टेकडी घरापासून जवळ आहे. यायची खूप इच्छा आहे पण काही प्रश्न आहेत, प्लीज कुणी हसू नका. दुर्बीण नाहीये, चालेल का? कपडे कसे घालायचे? आणि साडेसहाला निघून अकरापर्यंत म्हणजे मध्ये वॉशरूमचं काय?

दुसरं म्हणजे एक फोटो आहे, ओळखून द्याल का? नारिंगी, पंखांचं टोक काळं आणि त्यावर पांढरा पट्टा. नेटवर बघितलं तर प्लेन टायगर वाटतं.

कढीपत्ता

फोटो पाहिला. नारिंगी रंग आणि काळं टोक दोघांचं सारखंच असतं, त्यामुळे मागचा पंख बघायचा. त्याच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर. तुमच्या फोटोत ते नाहीत. ही डॅनेड एगफ्लायची मादी. प्लेन टायगर रुई खाऊन वाढतं म्हणून त्याची चव कडू, पक्षी ते सोडून देतात. ही अजिबात कडू नसते, नुसती त्याच्यासारखी दिसते आणि वाचते. हिचा नर बघितलात तर विश्वास बसणार नाही, काळाभोर आणि त्यावर जांभळ्या कडेचे पांढरे मोठे ठिपके. ही अंडी घालते ती घोळीवर. आपण जिची भाजी करतो तीच घोळ.

पहिल्याच फोटोत एगफ्लायची मादी, छान सुरुवात आहे.

टेकडीवाली

@नवखी, हसण्यासारखं यात काहीच नाही, वॉशरूमचा प्रश्न तर सगळ्यात महत्त्वाचा. कितीतरी बायका याच एका कारणासाठी येत नाहीत आणि कारण कुणी बोलत नाही. टेकडीवर सोय नाही. म्हणून आम्ही चढायच्या आधी खाली एका मैत्रिणीच्या घरी पाच मिनिटं थांबतो, ते निरोपातच लिहितो. ज्यांना लवकर परतायचं असेल त्यांच्यासाठी साडेआठला एक जण खाली घेऊन येतो. एकटीला पाठवत नाही. टेकडीवर काही ठिकाणी फार सामसूम असते.

कपडे मातकट, हिरवे, करडे. पांढरा आणि भडक लाल नको. बाह्या आणि पँट पूर्ण, कारण गवतात गोचीड असतात आणि दिवाळीनंतर खाजकुइलीच्या शेंगा वाळतात, त्यांची लव अंगाला लागली तर दिवस वाया. अत्तर, परफ्यूम अजिबात नको. खाणीच्या कड्याला आग्या मोहोळं लागतात.

दुर्बीण नसली तर बिघडत नाही. आमच्याकडे आता सहा आहेत, फिरवतो. घेणार असाल तर ८×४२ किंवा ८×४० घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेऊ नका, हात हलला की चित्र थरथरतं आणि नवख्या माणसाला त्यात पक्षी पकडता येत नाही. पहिले दोन रविवार दुर्बीण न लावताच बघा. नुसत्या डोळ्यांनी पक्षी आधी शोधायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणायची. ही सवय लागली की पुढचं सोपं.

मावळमास्तर

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पोरं अठ्ठावीस, दुर्बिणी तीन, त्याही देणगीतून आलेल्या. बारा जणांची चैन आम्हाला नाही, सगळ्यांना एकदमच न्यावं लागतं. म्हणून आम्ही सात-सातचे चार गट करतो आणि प्रत्येक गट एका बांधावर बसवतो, चालवत नाही. मी या गटातून त्या गटात फिरतो.

पुस्तकातली नावं मी पोरांवर लादत नाही. आधी ती सांगतात ते नाव फळ्यावर. होल्याला व्हला म्हणतात, भारद्वाजाला कुंभारकुकडा. मग त्याच्या शेजारी पुस्तकातलं. एकदा एका पोराने विचारलं, गुरुजी, आमचं नाव चूक का? मी म्हणालो, तुझ्या आज्याने ठेवलेलं नाव आधीचं आहे.

टिटवीचं लिहितो. सुट्टीत शेरडं राखणारा एक पोरगा आहे, अभ्यासात यथातथा. माळावर टिटवीची चार अंडी होती, दगडांत दगड होऊन पडलेली, मला दोन फुटांवरून दिसली नाहीत. त्याने अंड्यांपासून पाच-सहा पावलं सोडून मोठे तीन धोंडे लावून ठेवले होते. म्हणाला, शेरडं धोंडे बघून वळत्यात. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. टिटवीने उबवणी पूर्ण केली. पिल्लं अंड्यातून निघाली त्याच दिवशी धावायला लागली, ते सगळ्या शाळेने बांधावरून पाहिलं.

वैनगंगा

मास्तर, आमच्या गोंदियाकडे सारसाचं असंच आहे. धानाच्या बांधीत घरटं करतो. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटं, त्याने ते राखलं तरच सारस टिकतो. गणनेला बाहेरून माणसं येतात तेव्हा पहाटे पाचला बांधीवर बॅटरी घेऊन उभा असतो तो शेतकरीच. त्यामुळे आमच्या गटाचा नियम असा की शेतात पाय ठेवण्याआधी घरी जाऊन विचारायचं. चहा घ्यावाच लागतो, तासभर जातो, पण सारस कुठे उतरतोय ते त्या चहावरच कळतं.

पर्वतीकर

सगळ्यांचं पटतंय, तरी एक शंका. मी स्वतः या छंदात आलो तो पक्षी सप्ताहातल्या एका मोठ्या कार्यक्रमातून. दीडशे माणसं होती. त्या गर्दीत एका काकांनी मला वेडा राघू दाखवला, हवेत उडी मारून माशी पकडून पुन्हा त्याच तारेवर बसणारा. त्यानंतर मी थांबलो नाही. बाराची मर्यादा घातली की माझ्यासारख्या माणसाने यायचं कुठून? टेकड्या वाचवायची वेळ येते तेव्हाही माणसं लागतात. वेताळ टेकडीतून काढायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याला विरोध करायला जी हजारो माणसं बाहेर पडली, ती कधीतरी टेकडीवर गेली होती म्हणून पडली.

टेकडीवाली

@पर्वतीकर, दोन दिवस विचार करत होते तुमच्या प्रतिसादावर. तुमचं म्हणणं खरं आहे आणि मी ते विसरले होते.

आज सोसायटीच्या बैठकीत असं ठरवलं. शंभर जण येऊ देत, पण एका वाटेवर नाही. आठ गट, प्रत्येकी बारा-तेरा. दोन वेताळ टेकडीवर दोन वेगळ्या बाजूंनी, दोन तळजईला, एक हनुमान टेकडीवर, एक म्हातोबा टेकडीवर, दोन पाषाण तलावाच्या काठाने. प्रत्येक गटाला आमच्यातला एक जुना माणूस. फ्लेक्सचे पैसे वाचले त्यात चार दुर्बिणी घ्यायच्या. टोप्या रद्द, भडक रंगाच्या होत्या.

तुम्ही तळजईचा एक गट घ्याल का? वेडा राघू दाखवायला.

पर्वतीकर

घेतो. आनंदाने.

टेम्सकाठी

लंडनजवळून. इथे जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमाराला 'बिग गार्डन बर्डवॉच' असतं, १९७९ पासून चालू आहे. कुठेही जायचं नाही. आपल्या बागेत किंवा खिडकीत एक तास बसायचं आणि येतील ते पक्षी मोजायचे. उन्हाळ्यात फुलपाखरांसाठी असंच, पण पंधरा मिनिटांचं. आमच्याकडे मुलगी मोजते, आई भारतातून आलेली असली तर तीही. आईला रॉबिन फार आवडला, म्हणाली, आपल्या चिरकासारखाच धीट आहे.

ती पंधरा मिनिटं एका जागी बसण्याची गोष्ट तुमच्या टेकडीवर करून बघा.

मांडवीतीर

गोंयांतून नमस्कार. आमच्याकडे चोडण बेटावर सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरहून फेरीबोटीने जायचं. खारफुटीत मोठा गट चालूच शकत नाही, वाट एवढीशी. निसर्गानेच मर्यादा घालून ठेवलीय. भरती-ओहोटीची वेळ बघून या. ओहोटीला चिखल उघडा पडला की तुतवार आणि खंडे अगदी जवळ दिसतात.

लेन्सवाला

एक विनंती सगळ्यांना. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, यादी टाका, जरूर टाका, महिन्यागणिक एकाच वाटेच्या याद्या म्हणजे सोनं आहे. पण घरट्याची, घुबडाच्या ढोलीची नेमकी जागा फोटोसोबत कुठेही लिहू नका. मी मागच्या वर्षी शृंगी घुबडाची जागा लिहिली होती. पुढच्या रविवारी तिथे अकरा गाड्या होत्या. घुबड गेलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

टेकडीवाली

@लेन्सवाला, सांगितलंत ते बरं केलंत.

आजचा रविवार झाला. बारा जण. खाणीपाशी पंधरा मिनिटं कुणीही न बोलता बसलो, टेम्सकाठीताईंच्या सांगण्यावरून. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग एक एक करत: खंड्या, दोन पिवळे धोबी, पाण्यावर खाली उतरून आलेला पाकोळ्यांचा थवा, चष्मेवाल्यांची टोळी. काकांनी थिरथिरा ऐकला आणि बोटाने दिशा दाखवली, तो खरंच त्या दगडावर होता. शेवटी हेंकळीच्या झुडपाकडून नाचण आला. आमच्यापासून चार हातांवर, शेपटीचा पंखा पूर्ण उघडून, डावीकडे-उजवीकडे डोलत माश्या पकडत राहिला. तोच का ते सांगता येणार नाही. मी दुर्बीण उचलली नाही.

नवखी आली होती. तिने नऊनंतर गवतात एकटीने ग्रास ज्वेल फुलपाखरू शोधलं, करंगळीच्या नखाएवढं.

नवखी

ताई, सगळ्यांना थँक्यू. पाय दुखतायत पण छान वाटतंय.

एक विचारायचंय. घरी आल्यावर कुंडीतला कढीपत्ता नीट बघितला. पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काहीतरी आहे, तपकिरी-पांढरं. आईने परवा असंच एक झटकून टाकलं होतं. काडीने जरा हलवलं तर डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास आला!

कढीपत्ता

अळी आहे. लाइम किंवा कॉमन मॉर्मन, मोठी झाल्यावर कळेल. पक्ष्यांना शीट वाटावी म्हणून अशी दिसते. थोड्या दिवसांनी कात टाकून हिरवीगार होईल आणि तुमची कुंडी साफ करेल. आता काडी लावू नका, आणि त्या झाडाचा कढीपत्ता फोडणीला काढू नका. पानं पुरायला हवीत.

नवखी

पानं मोजली. मोठ्या फांद्या चार आहेत. आईला सांगितलंय. ती शेजारच्या काकूंकडे कढीपत्ता मागायला गेलीय.